मातीखालचे दप्तर

सकाळी आकाशवाणीचे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी व्हायोलिनवर जी संथ धून वाजत असे, ती न ऐकलेले घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. वासुदेव दिसेनासा झाला, जात्यावरची ओवी थांबली, पण ती धून पुष्कळ वर्षे टिकली. तिच्यात शिवरंजनीचे सूर आहेत, म्हणून ती आपल्यापैकीच कोणा बुवांनी बसवली असावी, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती बांधली म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो वॉल्टर काउफमान हा १९०७ साली आजच्या चेक देशात जन्मलेला ज्यू. हिटलर जर्मनीत सत्तेवर आल्यावर वर्षभराने, फेब्रुवारी १९३४ मध्ये, तो मुंबईस उतरला. भारताचा प्रवेशपरवाना त्या काळी सहज मिळत असे, म्हणून त्याने ही वाट धरली. थोडे दिवस राहू आणि परत जाऊ, असे म्हणता म्हणता तो बारा वर्षे राहिला आणि मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत राहिला.

त्याची पत्नी गर्टी ही फ्रान्झ काफ्का या जगद्विख्यात लेखकाची सख्खी भाची. गर्टीची आई एली हिला १९४१ साली प्रागहून लोड्झ शहरातल्या ज्यूंच्या कोंडवस्तीत पाठवण्यात आले. ती परत आली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी अशाच गेल्या. ज्या धुनेवर आपण चहाचे आधण ठेवले, तिच्या मागे हे घर आहे.

काउफमान एकटाच नव्हता. रुडॉल्फ फॉन लायडन, व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि त्याची ज्यू वंशाची पत्नी, तसाच चित्रांचा शौकीन इमॅन्युएल श्लेसिंगर, अशी मंडळी त्या दशकात मुंबईत आली. पुढे हुसेन, रझा, आरा, सूझा, बाकरे आणि आमच्या वऱ्हाडचे गाडे या तरुण चित्रकारांच्या पाठीवर पहिला हात यांनीच ठेवला. अमरावतीकडचा एक मास्तरकी केलेला चित्रकार आणि व्हिएन्नातून जीव घेऊन आलेला एक गृहस्थ एकाच दिवाणखान्यात बसून रंगांविषयी बोलत आहेत, हे चित्र मला कादंबरीकार म्हणून फार भुरळ घालते. पण आजचा विषय तो नव्हे.

विषय कागदांचा आहे. माणसे आली, राहिली, गेली. त्यांचे कागद कोठे आहेत?

इतिहास थोडक्यात असा. येणाऱ्यांना आधार देण्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. आलेला माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही, अशी हमी ही संस्था इंग्रज सरकारला देत असे, आणि तेव्हा कुठे पुढच्याला परवाना मिळे. योगायोग असा की, १९३७-३८ साली मुंबईचे महापौरपद डॉ. ई. मोझेस या कोकणातल्या मराठी ज्यू गृहस्थांकडे होते. महालक्ष्मीकडून वरळीला जाणारा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले आणि सरकारने जर्मन, ऑस्ट्रियन पुरुषांना धरून अहमदनगरच्या छावणीत घातले. त्यात हिटलरचे भगत होते, तसेच हिटलरच्या भीतीने पळून आलेले ज्यूही होते. सरकारी वहीत दोघेही एकाच सदरात : शत्रुदेशीय परकी. चौकशी समितीने पुढे बहुतेक ज्यूंना सोडले, पण १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर पुन्हा संशय वाढला आणि काही कुटुंबांना पुरंदर व साताऱ्याच्या छावण्यांत राहावे लागले.

पुरंदर! आपण शाळेत मुरारबाजी शिकवतो, मिर्झाराजांचा तह शिकवतो. त्याच डोंगरावर पावणेतीनशे वर्षांनी व्हिएन्ना-बर्लिनकडची बायकामुले दिवसातून हजेरी देत होती, हे पाठ्यपुस्तकात नसते. नसावे असे नाही. ते लिहायला कागद लागतात आणि जे कागद आहेत ते हजेरी घेणाऱ्यांचे आहेत.

मुंबईत काळा घोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेख आहेत. त्यांची परंपरा १८२१ पर्यंत मागे जाते. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि ‘अभिलेख पटल’ नावाच्या संगणकीय दालनात त्यातले कितीतरी कागद आता घरबसल्या पाहता येतात. परक्यांच्या नोंदी, छावण्यांचा पत्रव्यवहार, परवान्यासाठीचे अर्ज, हे सारे सरकारने जपले. सरकार आपला संशय नेहमीच नीट बांधून ठेवते. पण अर्ज करणाऱ्या बाईने रात्री बहिणीला काय लिहिले, बहिणीचे उत्तर यायचे कोणत्या महिन्यात थांबले, हे सरकारी फायलीत येत नाही. ते ट्रंकेत असते. आणि ट्रंक मालकाबरोबर लंडनला जाते, अमेरिकेला जाते, किंवा भाड्याच्या खोलीत राहते आणि पुढच्या भाडेकरूच्या हातून रद्दीवाल्याकडे जाते.

विली हास याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. हा प्रागचा, बर्लिनमधल्या एका नामांकित वाङ्मयीन साप्ताहिकाचा संपादक. १९३९ मध्ये तो मुंबईस आला आणि मोहन भवनानींच्या चित्रपटसंस्थेत पटकथा लिहू लागला. जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले त्या वसंतात मिलेना येसेन्स्का नावाच्या लेखिकेने काफ्काने तिला लिहिलेली पत्रे हासच्या हाती सोपवली होती. हासने ती बरोबर आणली नाहीत, प्रागमध्येच नातेवाइकांकडे ठेवली, आणि तेथे ती युद्धातून वाचली. मिलेना १९४४ साली रावेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. पत्रे १९५२ मध्ये हासनेच संपादून छापली. घरच्या कपाटात कोणीतरी गठ्ठा ठेवून घेतला, एवढेच हे सगळे. पण ठेवून घेणाऱ्याला तेव्हा केवढा धोका होता!

आता कागद जपण्याच्या ज्या कथेने मला मास्तर म्हणून झोप लागू दिली नाही, ती वॉर्सा शहरातली आहे.

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वॉर्सातल्या ज्यूंना भिंतीआड कोंडले. चार लाखांच्या वर माणसे, थोडीशी जागा, हातावर मोजका पाव. त्या भिंतीआड इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचा एक इतिहासाचा शिक्षक होता. त्याने पन्नास-साठ माणसे जमवली : शिक्षक, धर्मगुरू, लेखक, कारकून. दर शनिवारी जमायचे, म्हणून या गुप्त मंडळाचे नाव ‘ओनेग शब्बात’, म्हणजे शनिवारचा आनंद. काम एकच, जे घडते आहे ते लिहून ठेवायचे. आणि नुसत्या मोठ्या घटना नव्हेत. रेशनची कार्डे, ट्रामची तिकिटे, मिठाईच्या पुडीवरचे कागद, भिंतीवरचे हुकूमनामे, नाटकाच्या जाहिराती, शाळेतल्या मुलांचे निबंध. आपल्याकडे राजवाड्यांनी वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेलेली मोडी दप्तरे सोडवली, हे आपण अभिमानाने सांगतो. रिंगेलब्लुमने पुडीचा कागदच दप्तरात घेतला.

१९४२ च्या प्रारंभी खेल्म्नो येथल्या हत्याकेंद्रातून पळालेला एक माणूस वॉर्सात पोचला. तेथे बंद मोटारीत विषारी धूर सोडून माणसे मारतात, हे त्याने सांगितले आणि या मंडळींनी ते शब्दशः उतरून घेतले. अशा बातम्या पोलिश भूमिगतांच्या हस्ते बाहेर गेल्या आणि जूनमध्ये लंडनच्या रेडिओने ज्यूंच्या संहाराची वार्ता जगाला ऐकवली. जगाने ऐकली. गाड्या थांबल्या नाहीत. २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत वॉर्सातून अडीच लाखांच्या वर माणसे ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आली.

त्या गाड्या सुरू असतानाच, ३ ऑगस्टला, इस्राएल लिश्टेनश्टाइन या शिक्षकाने नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. मदतीला त्याचे दोन माजी विद्यार्थी होते, डेव्हिड ग्राबेर वय १९ आणि नाहुम ग्झिवाच वय १८. तिघांनीही पेट्या मिटण्यापूर्वी आपापला शेवटचा कागद लिहून आत टाकला. बाहेर पोलीस गल्लीगल्ली घेरत होते. दुसरा साठा १९४३ च्या फेब्रुवारीत दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये घालून त्याच ठिकाणी पुरला गेला. रिंगेलब्लुम, त्याची पत्नी आणि मुलगा मार्च १९४४ मध्ये तळघरात लपलेले सापडले आणि मारले गेले. साऱ्या मंडळातली तीन माणसे जगली : हेर्श वासेर, त्याची पत्नी ब्लुमा आणि राखेल आउएरबाख.

१९४६ साली त्या वस्तीचा नुसता विटामातीचा ढीग झाला होता; रस्ते ओळखू येत नव्हते, एक चर्च तेवढे उभे होते. आउएरबाखबाईंनी सभेत उठून सांगितले की, या ढिगाऱ्याखाली आमचे धन आहे, ते काढा. वासेरला जागा ठाऊक होती. १८ सप्टेंबर १९४६ रोजी पेट्या सापडल्या. आत पाणी शिरले होते, शाई पसरली होती. तज्ज्ञांनी एकेक पान सुटे करून वाळवले. दुधाचे कॅन १ डिसेंबर १९५० रोजी बांधकामावरच्या मजुरांना लागले. त्यातले कागद बरेच चांगले होते. मिळून सुमारे पस्तीस हजार पाने. तिसरा साठाही पुरला होता असे मानतात. त्याचा शोध झाला, सापडला नाही.

ही गोष्ट मी धाडच्या शाळेत सातवीला सांगितली. मग पाटीवर नव्हे, वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावले, की तुम्ही दुधाच्या कॅनमध्ये काय घालाल? सातबारा, असे बाराजणांनी लिहिले. आईची सोनाराकडची पावती, आजोबांचा तुरुंगातला फोटो, कापसाच्या काट्याची चिठ्ठी, बहिणीच्या लग्नाची पत्रिका. एका पोरीने लिहिले, ‘शाळेची हजेरी, म्हणजे कोण कोण होते ते कळेल.’ मी विचारले, हे तुला कोणी सांगितले? ती म्हणाली, ‘गुरुजी, तुम्हीच रोज नावे वाचता की.’

पोरीचे म्हणणे जर्मनांनाही पटले होते, निराळ्या अर्थाने. मारेकऱ्यांनीही हजेरी ठेवली. गाडीत किती चढले, छावणीत कोणाला कोणता क्रमांक दिला, याच्या याद्या, कार्डे, वह्या. जर्मनीतल्या आरोल्सेन गावी त्यातले आणि युद्धानंतरच्या शोधाचे सुमारे तीन कोटी कागद जपलेले आहेत. पावणेदोन कोटी माणसांचा त्यांत पत्ता लागतो. वर्षानुवर्षे हे दप्तर फक्त हरवलेल्या नातलगांचा शोध घेण्यापुरते वापरले जाई. अभ्यासकांसाठी ते २००७ मध्ये उघडले. संहारात साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुले. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेत, १९५३ मध्ये ती स्थापन झाल्यापासून, एकेका नावाचा शोध चालू आहे. नातेवाईक, शेजारी, कोणीही यावे आणि एक पान भरून द्यावे : नाव, गाव, आईबाप, धंदा. उरलेली लाखो नावे अजून कोणाच्याच तोंडी नाहीत, कारण ती घेणारा घरात कोणी उरलेला नाही.

कागदाच्या एका ओळीची किंमत वऱ्हाड-मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, महसुलाची मोडी दप्तरे माळ्यावरून खाली आली. जुन्या काळच्या हेडमास्तरांचे अक्षर भिंगातून वाचले गेले. ज्या शाळांत वाळवीने आधी वाचन आटोपले होते, तेथले लोक रित्या हाताने परतले. त्या हेडमास्तरांना आपण इतिहास लिहीत आहोत, असे कधी वाटलेही नसेल.

आणि आपल्या मराठी ज्यूंचे दप्तर? कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो, त्यांच्यावर या भूमीत कधी हत्यार उठले नाही. १९४८ नंतर ते आपल्या मर्जीने इस्राएलला गेले. पेण, अलिबाग, रेवदंड्याची आळी रिकामी झाली. म्हणून त्यांच्या कागदांची काळजी कोणाला वाटली नाही, असे मला वाटते. छळ झाला की माणूस कागद पुरून ठेवतो. सुखाने गेला तर माळ्यावर विसरतो. वल्हांडणाच्या सणाला वाचायचे हाग्गादा हे पुस्तक या लोकांनी १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर काढले. त्यांची कीर्तने मराठीत, नियतकालिके मराठीत, पत्रे मराठीत. लोद आणि दिमोनाच्या घरांत आजीच्या पेटीत ती पत्रे असतील, तर नातवंडांना लिपी येत नाही. आणि इकडे ज्यांना लिपी येते, त्यांना ती पेटी ठाऊक नाही.

त्यांचा पहिला मोठा इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर. हेही शाळेचेच माणूस. मुंबईत १८७५ मध्ये आपल्या जमातीच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्यांपैकी एक. त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला आणि तो छापला गेला नाही. केहिमकर वारले. हस्तलिखित राहिले. चाळीस वर्षांनी इमॅन्युएल ओल्सवांगर नावाचे युरोपातले एक विद्वान मुंबईस आले असता त्यांच्या हाती ते पडले. १९३७ मध्ये त्यांनी ते तेल अवीवला छापवून घेतले. ओल्सवांगर मूळचे पोलंडकडचे. त्यांच्या मुलखातल्या ज्यू गावांचे कागद तेव्हा अजून जागच्या जागी होते. कपाटांत, शाळांत, देवळांच्या पेट्यांत.