पीयूसी, कोळशाची गाडी आणि आंबा घाट

गेल्या महिन्यात वीकेंडला गावी गेलो होतो. गाव म्हणजे शाहूवाडी तालुका, मलकापूर सोडलं की आंब्याच्या अलीकडे. वाटेत पेट्रोल भरताना लक्षात आलं की गाडीची पीयूसी संपलीय. पंपाच्या कडेलाच एका व्हॅनमध्ये केंद्र थाटलेलं होतं. तिथल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि दोन मिनिटांत प्रिंट हातात ठेवली. कार्बन मोनॉक्साईड: जवळपास शून्य. हायड्रोकार्बन: नगण्य. पास! आपला कोड पहिल्याच फटक्यात कंपाइल झाला की जो बिनबुडाचा आनंद होतो ना, अगदी तसा झाला.

घरी पोचल्यावर ती प्रिंट आबांना दाखवली. आबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत. धूर हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय. काळा धूर असेल तर नोझल किंवा एअर फिल्टर, निळा असेल तर ऑइल जळतंय, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. त्यांनी चष्मा लावून प्रिंट वाचली, उलटी करून पाठीमागे काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि विचारलं,

"हितं तर समदं शून्यच हाय. मग टाकीभर पेट्रोल गेलं कुठं?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मंडळी, इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पुढची पंधरा वर्षं नोकरी करून मला याचं सरळ उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून दोन-तीन शनिवार-रविवार वाचनात घालवलेत. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी त्या कागदाचा इतिहास. भारतात गाड्यांच्या धुरावर देशभर लागू होणारी बंधनं आली ती १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधून. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आलं. संपूर्ण देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे लहानपणी मी मलकापूर स्टँडवर उभा राहून आवडीने हुंगायचो त्या पेट्रोलच्या वासात काय काय होतं, ते आता कळतंय.

शिसं पेट्रोलमध्ये आलं कसं, ही गोष्ट कुठल्याही थ्रिलरला लाजवेल अशी आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरला सापडलं की टेट्राएथिल लेड अगदी थोडं मिसळलं तरी इंजिनचं 'नॉकिंग' थांबतं. गंमत म्हणजे नॉकिंग अल्कोहोलनेही थांबतं, आणि हे खुद्द मिजलीला माहीत होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्याचं पेटंट कोण देणार? १९२४ साली शिशाचं हे रसायन बनवणाऱ्या न्यू जर्सीतल्या प्लांटमध्ये कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर ते रसायन स्वतःच्या हातांवर ओतून आणि हुंगून दाखवलं. त्याआधीच्याच वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेमुळे रजेवर होता! (याच गृहस्थांनी पुढे फ्रिजमधला फ्रेऑन वायूही शोधला, ज्याने ओझोनच्या थराला भोक पाडलं. एकाच माणसाच्या नावावर असे दोन बग म्हणजे रेकॉर्डच.)

हे उघडकीला आणण्यात मोठा वाटा क्लेअर पॅटरसनचा. तो खरं तर पृथ्वीचं वय मोजत होता, आणि १९५६ मध्ये त्याने ते ४५५ कोटी वर्षं असं मांडलंही. पण मोजताना प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं शिरायचं. हे येतंय कुठून म्हणून तो मागे लागला आणि थेट ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत पोचला. त्या बर्फाच्या थरांमध्ये आपल्या मोटारींचं शिसं आहे. पुढच्या संशोधकांना त्याखालच्या थरांत दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी चांदीसाठी वितळवलेल्या खनिजाचंही शिसं सापडलं. बर्फाने अगदी लॉग फाइल ठेवावी तशी नोंद ठेवलीय. जगातल्या शेवटच्या देशातलं, म्हणजे अल्जीरियातलं, शिशाचं पेट्रोल बंद झालं २०२१ साली. शंभर वर्षं लागली, पण झालं.

गंधकाचंही तसंच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये दहा लाखात १०,००० भागांपर्यंत गंधक चालायचं. भारत स्टेज ३ मध्ये ३५०, स्टेज ४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या स्टेज ६ मध्ये फक्त १०. हे सगळं खरंच कौतुकाचं आहे, आणि आबांसारख्यांनी रोज नोझल साफ केले त्याचाही त्यात वाटा आहेच. धूर म्हणजे न जळलेलं इंधन. इंजिन जितकं चांगलं तितकं ज्वलन पूर्ण.

आता आबांच्या प्रश्नाकडे. ज्वलन पूर्ण झालं, म्हणजे पेट्रोलमधला जवळजवळ सगळा कार्बन कार्बन डायऑक्साईड होऊन बाहेर पडला. नाकाला वास नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि पीयूसीत त्याला मर्यादाही नाही. कारण पीयूसी शोधते ते अर्धवट ज्वलनातून आलेलं विष, आणि हा तर पूर्ण ज्वलनाचा पुरावा.

हिशोब केला. पुणे ते गाव ३०० किलोमीटर, जाऊन-येऊन ६००. लिटरला १५ धरले तर ४० लिटर. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते ८ लिटर बाजूला ठेवू. उरलं ३२ लिटर. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, पण त्यातला प्रत्येक कार्बन हवेतले दोन ऑक्सिजन पकडतो, त्यामुळे लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साईड तयार होतो. म्हणजे एकूण ७४ किलो. माझं वजन ७२ आहे! एका वीकेंडला मी माझ्याहून वजनदार असं काहीतरी हवेत सोडून येतो, तेही पास होऊन.

(इथेनॉल बाजूला का ठेवलं ते पुढे सांगतो. पण मिजलीने सोडून दिलेलं अल्कोहोल शंभर वर्षांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या उसातून परत माझ्याच टाकीत यावं, याची मला मोठी मौज वाटते.)

इथे आजोबांची आठवण आली. आजोबा सांगायचे की दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारी कोळशावर चालायच्या. हे मी लहानपणी थाप समजत होतो. पण नाही, त्या काळात भारतभर बसगाड्यांना मागे लोखंडी भट्टी बसवलेली असायची. तिच्यात लाकडी कोळसा अर्धवट जाळून निघणारा गॅस इंजिनला पुरवायचे. सकाळी क्लीनरने अर्धा तास पंखा फिरवून भट्टी पेटवायची, मग गाडी हलायची. ताकद पेट्रोलपेक्षा बरीच कमी. चढ आला की कंडक्टर ओरडायचा आणि लोक उतरून चालायला लागायचे. "आमी चालत फुडं जायाचो, गाडी मागनं यायाची," हे आजोबांचं वाक्य. राख, काजळी आणि वर विषारी कार्बन मोनॉक्साईड. आजच्या पीयूसीवाल्या पोराने तिला नळी लावली असती तर मशीनच बंद पडलं असतं.

आणि तरीही एका हिशोबात ती घाणेरडी गाडी माझ्या चकचकीत गाडीपेक्षा उजवी ठरते. तिच्या धुरातला कार्बन दहा-वीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी झाडाने हवेतूनच घेतलेला होता. झाड पुन्हा वाढू दिलं तर तो परत झाडात. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे याच तालुक्यातून, पावनखिंडीतून धावलेल्या मावळ्यांच्या श्वासातला कार्बनही असाच, आदल्या पावसाळ्यातल्या नाचणीतून आलेला. उसाच्या इथेनॉलचंही तेच, म्हणून ते बाजूला ठेवलं. (उसाचं खत, पाणी आणि ट्रॅक्टरचं डिझेल धरलं तर ते काही साव नाही. आणि कोळशापायी सह्याद्रीतली जी रानं कायमची गेली, त्यांचाही हिशोब या गोड चित्रात बसत नाही.) पेट्रोलमधला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. तो चक्राच्या बाहेर होता, आपण आत आणला.

मग तो राहतो किती दिवस? शिसं जमिनीवर बसतं. काजळी पावसात धुऊन जाते, आठवड्या-दोन आठवड्यांचा प्रश्न. कार्बन डायऑक्साईडचा काही भाग झाडं आणि समुद्र काही दशकांत शोषतात. पण हजार वर्षांनीही १५ ते ४० टक्के हवेतच उरतो, असा अंदाज आहे. माझ्या त्या ७४ किलोपैकी अकरा ते तीस किलो. आपल्याकडची कालगणना लावायची तर, शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने पन्हाळा बांधला त्याला आठशे-साडेआठशे वर्षं झाली. भोजराजाने एखाद्या रविवारी गाडी काढून आंबा घाट उतरला असता, तर त्या सहलीचा काही भाग आज आपल्या डोक्यावर असता. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दहा लाखात २८० भाग कार्बन डायऑक्साईड होता, १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईमध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आणि २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे.

उरलेलं शेवटी कोण साफ करतं? तर दगड. आणि इथे आमचा तालुका पुन्हा येतो.

आंबा घाट ज्या काळ्या पाषाणातून काढलाय तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थरावर थर. सह्याद्रीच्या घाटांत अनेक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबडी पट्टी दिसते, ती म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात तयार झालेली माती. त्या उद्रेकांनीही हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साईड सोडला होता, पण लाखो वर्षांच्या मुदतीत. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही.

तोच दगड आता उलटं काम करतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साईड विरघळून सौम्य आम्ल बनतं, ते बसाल्ट खातं, आणि कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर निघतो. कडवीतून वारणेत, वारणेतून कृष्णेत, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात, आणि तिथे शिंपल्यांच्या चुन्यात. बसाल्ट हे काम बाकीच्या दगडांपेक्षा झपाट्याने करतो, आणि त्यात आंब्याचा पाऊस! आमच्या सड्यांवरचा जांभा आणि त्यातलं बॉक्साईट म्हणजे लाखो वर्षं असा पाऊस खाऊन उरलेला गाळ. म्हणजे सपोर्ट टीम आमच्याच दारात बसलीय. फक्त तिकीट क्लोज व्हायला लाखाच्या पटीत वर्षं लागतात, आणि आपण रोज नवी तिकिटं टाकतोय.

पुढच्या खेपेला आबांना हे सगळं कागदावर आकडे मांडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. लाव्ह्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, पण ७४ किलोवर ते अडले.

"आणि एसटीनं आलास तर?"

बस लिटरला साडेचार किलोमीटर, चाळीस प्रवासी, असं धरून केलं. माणशी नऊ किलो. आबांनी आकडा पुन्हा स्वतः करून पाहिला.

या शनिवारी एसटीने गेलो. स्वारगेट, कोल्हापूरला गाडी बदलून रत्नागिरी गाडीने मलकापूर, पुढे वडाप. अडीच तास जास्त लागले, कंबरेचं विचारू नका. महामार्गाच्या रुंदीकरणात कडेची झाडं गेलीत, ते स्वतः गाडी चालवताना कधी एवढं जाणवलं नव्हतं. मलकापूर स्टँडवर आबा न्यायला आले होते. मला वाटलं माझ्याकडे बघतील, पण त्यांची नजर स्टँडमधून बाहेर निघालेल्या बसच्या सायलेन्सरवर.

"नोझल बघाय पायजे हिचा," म्हणाले, आणि बॅग उचलून वडापाकडे चालायला लागले.