‘फ्लेक्स’, ‘नति’ आणि सामान्यरूप : वाकण्याच्या अर्थाचा एक लॅटिन धातू व मराठी

धायरी फाट्यावर वाढदिवसाचे, निवडीच्या अभिनंदनाचे व नव्या सदनिकांच्या जाहिरातीचे जे फलक लागलेले असतात, त्यांना आता फलक असे क्वचितच म्हटले जाते. त्यांचे रूढ नाव ‘फ्लेक्स’. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेले हे कापड गुंडाळता येते, घडी घालता येते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. इंग्रजीत विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या लवचिक तारेलाही हेच आखूड नाव पडले होते. रंगाऱ्याच्या कुंचल्याची जागा संगणकीय छपाईने घेतली आणि त्या छपाईबरोबर हा शब्द मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘वाकविणे’ या अर्थाचा ‘फ्लेक्तेरे’ हा लॅटिन धातू आहे. या धातूच्या इंग्रजी अपत्यांपैकी दोन भाषाशास्त्रात वावरतात आणि मराठीशी त्यांचा संबंध या फलकापेक्षा कितीतरी जुना व जवळचा आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

या धातूचे कुटुंब मोठे आहे. प्रकाश मागे वळतो ते रिफ्लेक्शन, दिशा ढळते ते डिफ्लेक्शन, गुडघा टेकून वंदन करणे ते जेन्युफ्लेक्शन. फ्रेंच स्वराच्या डोक्यावरील टोपीसारख्या चिन्हाला सर्कम्फ्लेक्स म्हणतात. हा शब्द रोमन वैयाकरणांनी ग्रीक संज्ञेवरून भाषांतर करून घडविला. मराठीत आपण यांतील प्रत्येकासाठी निराळा संस्कृत धातू वापरला. परावर्तनात ‘वृत्’ आहे, प्रतिक्षिप्त क्रियेत ‘क्षिप्’ आहे. त्यामुळे इंग्रजीत जे शब्द एका घरचे म्हणून ओळखू येतात, ते मराठीत परस्परांना अनोळखी राहतात. हा दोष नव्हे. परंतु नाते दिसत नाही एवढे खरे.

आता पहिली संज्ञा, रेट्रोफ्लेक्स, म्हणजे मागे वळविलेला. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ यांच्या उच्चारात जिभेचे टोक मागे वळून वर लागते, म्हणून हे नाव. आपल्या वर्गांत ही संज्ञा पाश्चात्त्य ध्वनिविज्ञानाची देणगी म्हणून शिकविली जाते. वस्तुतः तैत्तिरीय प्रातिशाख्यात ट-वर्गाच्या वर्णनात जिभेचे टोक मागे गुंडाळून मूर्धेला लावण्याची क्रिया नेमकी सांगितलेली आहे. शौनकाच्या नावावर असलेल्या ऋग्वेद प्रातिशाख्यात तर दंत्य वर्ण मूर्धन्य होण्याच्या विकारालाच ‘नति’ असे नाव आहे. नति म्हणजे वाकणे. धातू ‘नम्’, तोच नमस्काराचा आणि नम्रतेचा. सेकाचा अभिषेक होतो ही नति. उत्तरायणात ‘र’मुळे न वाकून ण झाला, ही नति. दक्षिणायनात मात्र मध्ये आलेल्या ‘ण’ने ष चा प्रभाव रोखला आणि न सरळ राहिला. लॅटिन जाणणाऱ्या युरोपीय पंडितांनी पुढे ज्या प्रतिमेवर संज्ञा बेतली, तीच प्रतिमा येथे कितीतरी शतके आधी व्याकरणाच्या परिभाषेत रुळलेली होती.

मधला टप्पा काहीसा गमतीचा आहे. मूर्धन्य या शब्दातील मूर्धा म्हणजे मस्तक, असा शब्दशः अर्थ घेऊन आरंभीच्या इंग्रज संस्कृतज्ञांनी या वर्णांना ‘सेरेब्रल’, म्हणजे मेंदूचे, ठरविले. येथे मूर्धा म्हणजे मुखाचे छत आहे, हे त्यात हरवले. विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी 1879 च्या आपल्या संस्कृत व्याकरणात ‘लिंग्वल’, म्हणजे जिभेचे, ही संज्ञा वापरली. पण जीभ कोणत्या वर्णाला लागत नाही? रेट्रोफ्लेक्स ही संज्ञा त्या मानाने अचूक आहे, आणि ती अचूक आहे याचे कारण ती नतीच्या जवळ परत आली. आज भूशास्त्राच्या मराठी परिभाषेत खडकांच्या थरांच्या उताराला नती म्हणतात. भाषेच्या वर्गात मात्र हा शब्द कानावर पडत नाही.

या वाकण्याची दखल रोमन लिपीत घेतली ती गोव्यातील जेझुइटांनी. फादर थॉमस स्टीफन्स (1549–1619) यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले ते रोमन अक्षरांत. त्या परंपरेत मूर्धन्य वर्णासाठी अक्षर दुहेरी लिहिण्याची सोय करण्यात आली, आणि गोव्यातील रोमी लेखनात ती अजून टिकून आहे. आपल्या रस्त्यावरील इंग्रजी पाट्यांनी ही सोय कधी स्वीकारली नाही. परिणामी धायरीतला ध, वडगावातला ड आणि नांदेडमधले दोन्ही वर्ण, म्हणजे द्‍-चा दंत्य व मूर्धन्य परिवार, पाटीवर एकाच ‘डी’च्या ताब्यात जातो.

मराठीत हा भेद शोभेचा नाही. प्राकृतातील दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत वाकून ळ झाला, दुहेरी ल्ल सुटा होऊन ल राहिला. म्हणून ‘काल’ या संस्कृत शब्दापासून आपला काळ आला, आणि ‘कल्य’पासून कल्ल होऊन आपला काल. पानीयापासून पाणी, परंतु पर्णापासून पण्ण होऊन पान. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात असे ध्वनिनियम मांडले. काळ आणि काल यांतील अंतर पुसणे म्हणजे दोन निरनिराळ्या इतिहासांवर एकच शिक्का मारणे होय.

दुसरी संज्ञा इन्फ्लेक्शन, म्हणजे शब्दाचे वाकणे. ग्रीकांना विभक्तीत शब्द ‘पडताना’ दिसला, आपल्या वैयाकरणांना ‘विभागताना’, लॅटिनच्या वारसांना ‘वाकताना’. फ्रीड्रिख श्लेगेल यांनी 1808 मध्ये भारतीयांची भाषा व ज्ञान या विषयावरील ग्रंथात भाषांचे दोन गट केले : ज्यांत शब्द आतून वाकतो त्या, आणि ज्यांत बाहेरून प्रत्यय चिकटतो त्या. पहिल्या गटाला त्यांनी उच्च स्थान दिले व संस्कृत तिथे आदर्श म्हणून बसविली. मराठी या वर्गीकरणात नीट बसत नाही. ‘घोडा’चे आधी ‘घोड्या’ होते आणि मग ‘ला’ लागतो. म्हणजे शब्द वाकतोही आणि त्याला प्रत्यय चिकटतोही. या वाकलेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. दादोबा पांडुरंग यांच्या 1836 च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या शास्त्रीय मराठी व्याकरणापर्यंत विभक्तिविचाराला मोठे स्थान आहे. माझ्या मते त्यातील खास मराठी असा भाग हे सामान्यरूपच होय.

आज ढिलाई आली आहे ती नेमकी येथे. टेबल, स्टेशन हे परके शब्द एकेकाळी मराठीने आपल्या पद्धतीने वाकविले : टेबलावर, स्टेशनावर. फ्लेक्सला मात्र ही दीक्षा मिळाली नाही. आपण ‘फ्लेक्सवर’ म्हणतो. ‘फ्लेक्सावर’ कोणाच्या तोंडी येत नाही. लवचिकपणावरून नाव मिळालेला शब्द मराठीत ताठ उभा आहे. त्या फ्लेक्सवरील मजकुरात गावांची नावेही ताठ होऊ लागली आहेत. ईकारान्त असल्याने धायरीचे रूप बदलत नाही. परंतु नऱ्हे या नावाचे ‘नऱ्ह्याला’ आणि खडकवासला या नावाचे ‘खडकवासल्याला’ अशी रूपे होत असता तेथे ‘नऱ्हे येथे’, ‘खडकवासला येथे’ असे छापले जाते, बोलण्यात ‘खडकवासलाला’ ऐकू येते. ‘येथे’ हा शब्द नाव न वाकविता काम भागविण्याची पळवाट आहे.

अर्थात ही पळवाट फ्लेक्सने शोधलेली नाही. महसुली कागदपत्रांतील ‘मौजे धायरी, तालुका हवेली’ ही रीत जुनीच. नोंदवहीत गावाचे नाव मूळ रूपात राहणे सोयीचे असते, आणि त्या सोयीला कोणी आक्षेप घेण्याचे कारण नाही. फरक इतकाच की दप्तराची भाषा पूर्वी दप्तरात राहत असे. 2017 मध्ये धायरीचा उर्वरित भाग पुणे महापालिकेत आला. अशा वाढत्या उपनगरांत ठिकठिकाणांहून येऊन राहिलेल्या लोकांना आसपासच्या गावांची नावे प्रथम भेटतात ती पाटीवर, पत्त्यात आणि नकाशात, म्हणजे न वाकलेल्या रूपात. शेजाऱ्याच्या बोलण्यातले सामान्यरूप नंतर कानी पडले तर पडते. जेथे शब्दाचा अर्थ अजून उघड आहे, तेथे मात्र सामान्यरूप हटलेले नाही. या रस्त्याने लोक सुटीच्या दिवशी ‘सिंहगडला’ जातात, पण चढतात ते ‘सिंहगडावर’.