आहारविकारात पालकच उपचाराचे भागीदार

किशोरवयीन मुलगी जेवण टाळू लागते, वजन झपाट्याने घटते. तरीही आपण लठ्ठच आहोत, असे तिला वाटत राहते. 'अॅनोरेक्झिया नर्व्होसा' या आहारविकाराची ही प्रमुख लक्षणे होत. मुलग्यांनाही तो होतो. हा हट्ट नसून गंभीर मानसिक आजार आहे. उपासमारीमुळे हृदयाचे ठोके मंदावतात, पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात.

दृष्टिकोनातील बदल
आजाराला हे नाव देणारे लंडनचे डॉ. विल्यम गल यांच्या मते नातेवाईक अशा रुग्णाच्या शुश्रूषेस सहसा अयोग्य असत. पालकांविषयीचा हा संशय दीर्घकाळ टिकला. लंडनच्याच मॉड्स्ले रुग्णालयातील संशोधनाने त्याला छेद दिला. जेराल्ड रसेल व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणीस वर्षांच्या आत आजार जडलेल्या व तो तीन वर्षांहून जुना नसलेल्या रुग्णांना वैयक्तिक उपचारापेक्षा कौटुंबिक उपचार अधिक लाभदायक ठरला.

उपचाराचे तीन टप्पे
पहिल्या टप्प्यात मुलीने काय व किती खावे, हे पालक ठरवतात. सुरुवातीच्या एका बैठकीत कुटुंब उपचारकासमोर एकत्र जेवते. दोष ना मुलीचा, ना आईवडिलांचा. लढा आजाराशी आहे, हे सर्वांच्या मनावर बिंबवले जाते. वजन सावरू लागले, की दुसऱ्या टप्प्यात खाण्याची जबाबदारी हळूहळू मुलीकडे परत येते. तिसऱ्या टप्प्यात मैत्री, स्वातंत्र्य अशा वयसुलभ प्रश्नांवर संवाद होतो.

यश आणि मर्यादा
अमेरिकेतील १२१ किशोरवयीन रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार संपल्यानंतर वर्षभराने कौटुंबिक पद्धतीतील ४९ टक्के, तर वैयक्तिक पद्धतीतील २३ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. म्हणजेच निम्म्या रुग्णांना याहून अधिक मदत लागते. कुटुंबासह उपचार शक्य नसेल, तर वैयक्तिक मानसोपचाराचा पर्याय असतोच.

पालकांसाठी
भोवळ, मंद नाडी किंवा पाणीही नाकारणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी आधी रुग्णालय गाठावे, संवादोपचार त्यानंतर. वजन आणखी घटण्याची वाट पाहू नये. शरीरयष्टीवरून टोमणे किंवा ताटावरची भांडणे आजाराला खतपाणी घालतात. शांत पण ठाम आग्रह आणि वेळीच घेतलेला तज्ज्ञांचा सल्ला हाच मुलांचा खरा आधार ठरतो.