सशाची वाट आणि नागाची चौकट : माणिकगड व चांद्याचा परकोट

राजुऱ्याहून वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर लागते आणि तेथून थोड्याच अंतरावर चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर. उलट राजुऱ्याच्या नैर्ऋत्येस गडचांदूरकडे गेले की जमीन हळूहळू चढू लागते आणि माणिकगडाची डोंगररांग समोर येते. नदीच्या दोन अंगांना असलेली ही दोन तटबंदीची स्थळे, एक गिरिदुर्ग आणि एक नगरकोट (संपूर्ण शहराला वेढणारी भिंत), एकाच प्रदेशाच्या राजकीय इतिहासातली असूनही त्यांच्याविषयीची माहिती फार विषम आहे. चांद्याच्या भिंतीविषयी लिहिले गेले ते पुष्कळ. माणिकगडाविषयी मात्र दोन-चार परिच्छेदांपलीकडे क्वचितच काही सापडते. ही विषमता केवळ राजधानी आणि रानातला किल्ला यांच्यातल्या भेदाने उलगडत नाही, तर तिचे मोठे कारण नदीच्या पात्रातून गेलेली सीमा हे आहे.

किल्ल्यांची तुलना सहसा बांधणीची शैली आणि बांधणाऱ्याचे घराणे यांच्या आधारे केली जाते. या दोन स्थळांना मात्र तीन कसोट्या एकत्र लावणे अधिक फलदायी ठरते : जागेची मांडणी, तिच्याभोवतीची आख्यायिका आणि ती जिंकण्यातले काठिण्य. याच तीन कसोट्या आज संगणकीय खेळांच्या अभ्यासात सर्रास वापरल्या जातात. ॲक्शन रोल-प्लेइंग प्रकारच्या खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो आणि हाताच्या चपळाईने लढत अनोळखी गढ्या-किल्ल्यांतून वाट काढतो. त्या जागेच्या रचनेला लेव्हल डिझाइन आणि त्या जगाच्या पूर्वकथेला लोर असे म्हणतात. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेले ‘डीमन्स सोल्स’ (२००९) आणि ‘डार्क सोल्स’ (२०११) हे दोन सख्ख्या नात्याचे खेळ या दृष्टीने नेहमी शेजारी ठेवले जातात. पहिल्यात एका मध्यवर्ती स्थानातून पाच वेगवेगळ्या जगांकडे जाता येते आणि ती जगे एकमेकांना जोडलेली नसतात. दुसऱ्यात सारा प्रदेश सलग असून, दीर्घ चढण पार केल्यावर एखादा पाळणा वा आडदरवाजा खेळणाऱ्याला पुन्हा ओळखीच्या जागी आणून सोडतो. कथा दोन्हींत तुकड्यातुकड्यांनी, शस्त्रांच्या आणि वस्तूंच्या वर्णनांतून कळते. लहानपणी इंग्रजी पुस्तके नीट समजत नसताना मधल्या गाळलेल्या जागा आपण कल्पनेने भरत असू, असे मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितले आहे. गाळलेल्या जागांचे हे महत्त्व माणिकगडाच्या संदर्भात विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

चांद्याच्या परकोटाची मांडणी प्रथम पाहू. इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या या नगराच्या भिंतीत उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आहेत, आणि त्यांच्या जोडीला बगड, हनुमान, विठोबा, मसाण व चोर या नावांच्या पाच खिडक्या आहेत. तटबंदीच्या परिभाषेत खिडकी म्हणजे हवा-उजेडाची चौकट नव्हे, तर पायी जाणाऱ्यांसाठी भिंतीत ठेवलेला लहान दरवाजा. ही नावेच त्यांचे उपयोग सांगतात. मसाण खिडकी हे नाव ऐकून प्रेतयात्रेची वाट कोणालाही उमगेल. मोठे दरवाजे परक्याला दिसावेत, राजसत्तेचे हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे चिन्ह त्याच्या नजरेत भरावे, आणि रोजचा व्यवहार मात्र ज्याला गाव ठाऊक आहे त्याने खिडक्यांतून करावा, अशी ही दुहेरी रचना आहे. सलग जगातल्या आडवाटांचे तत्त्व ते हेच : आतल्या माणसाला शहर लहान वाटते, बाहेरच्याला ते अवाढव्य.

या भिंतीच्या जन्माची कथा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्याशी जोडलेली आहे. त्याच्या अंगावर खांडके, म्हणजे गळवे, उठली होती, म्हणून हे नाव पडले असे परंपरा सांगते. बल्लारपुराहून शिकारीला निघालेल्या तहानलेल्या राजाला झरपटीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडले, त्या पाण्याने त्याची व्याधी बरी झाली आणि त्या जागी अंचलेश्वराचे स्थान झाले. पुढे त्याच परिसरात त्याने एक नवल पाहिले : कुत्रा सशामागे न धावता ससाच कुत्र्याचा पाठलाग करीत होता. बऱ्याच पळापळीनंतर कुत्र्याने उलटून सशाला मारले. राणीने ही खूण ओळखली आणि सशाच्या धावण्याच्या रेषेवर नगराची भिंत घालावी, जेथे दोघांची झटापट झाली तेथे आणि जेथे ससा मेला तेथे खास भक्कम बुरूज उभारावेत, असा सल्ला दिला. ससा मेला ती जागा नगराच्या धोक्याची ठरेल असेही कथेत येते. भिंतीचा आराखडा तेल ठाकूर नावाच्या स्थपतीने आखला, आणि काम पुढच्या राजांच्या काळात पूर्णत्वास गेले.

सशाने कुत्र्याला पळवल्याची कथा चांद्यापुरती नाही. विजयनगराच्या आणि अहमदाबादच्या स्थापनेविषयीही जवळजवळ हीच गोष्ट सांगतात, आणि त्यामुळे काही अभ्यासक ती उसनी म्हणून बाजूला ठेवतात. तसे करणे घाईचे होईल. अन्यत्र ही कथा मातीच्या गुणाची साक्ष देते, दुबळ्याला जेथे बळ येते ती भूमी राजधानीला योग्य, एवढेच ती सांगते. चांद्यात मात्र ती मोजणीची भाषा झाली आहे : रेषा कोठून कोठे गेली, वळण कोठे आले, बुरूज कोठे जड हवा, याचा सारा तपशील तिच्यात साठवलेला आहे. नकाशा कागदावर नसलेल्या काळात मैलोगणती भिंतीची रूपरेषा पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात राहावी, यासाठी यापेक्षा चांगले साधन सापडणे कठीण. मांडणी आणि आख्यायिका येथे दोन गोष्टी नाहीतच.

माणिकगडाची मांडणी याच्या अगदी उलट आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०७ मीटर उंचीवरच्या या गडाचा काळ्या दगडाचा तट एका दरीला वेढा घालून आहे. दरीच्या पोटात जुन्या इमारती आणि कोठारांचे अवशेष आहेत आणि दक्षिणेकडच्या उतारावर एक बुरूज उभा आहे. शहराची भिंत माणसांना आत घेण्यासाठी दरवाजे वाढवते. ही भिंत डोंगराच्या धारेमागे धावत त्याने जे अर्धे केले ते पुरे करते. प्रवेशद्वारावर कोरलेला नाग हे बांधणाऱ्यांच्या कुळाचे चिन्ह मानले जाते. गडाची उभारणी नवव्या शतकात नागवंशी माना राजांनी केली अशी परंपरा आहे. वैरागड बसवणारा कुरुमप्रहोद, सुरजागड बळकट करणारा सुरजत बडवाईक आणि माणिकगड पुरा करणारा गहिलू ही तीन नावे माना सत्तेच्या स्मृतीत उरली आहेत. सुमारे दोनशे वर्षांनी ही सत्ता गोंडांपुढे नमली, असे मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या १८६९च्या जमाबंदी अहवालात नोंदवले.

येथे सीमेचा प्रश्न उभा राहतो. १८५३-५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजी अमलाखाली आले, आणि जमाबंदीच्या निमित्ताने तेथल्या कथा, वंशावळी आणि शिलाखंड यांची नोंद झाली. माणिकगडचे डोंगर आणि राजुरा मात्र वर्धेच्या पलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. चांद्याच्या अधिकाऱ्याने माणिकगडाविषयी लिहिले ते पैलतीरावरून, ऐकीव माहितीवर. आणि हैदराबादच्या दृष्टीने ही टेकाडे राज्याच्या अगदी उत्तर टोकाला पडलेली होती. राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला आणि १९५९मध्ये चांदा जिल्ह्यात आला. इतक्या हस्तांतरांत एखाद्या गडाची कथा सांगणारे आणि ती लिहून घेणारे यांची गाठ पडणे अवघडच होते. गोंड राजांची आधीची राजधानी शिरपूर, जे आज तेलंगणात आहे, तेही नदीच्या याच बाजूला; म्हणजे जो भाग नंतर कडेचा ठरला, तोच या राज्याचा जुना गाभा होता. माणिकगडाची आख्यायिका तोकडी आहे असे म्हणण्यापेक्षा ती वेळेवर कोणी लिहून घेतली नाही असे म्हणणे न्यायाचे होईल.

काठिण्याच्या कसोटीवर दोघांचे चित्र पुन्हा बदलते. चांद्याची भिंत दिसायला अभेद्य, पण १७५१मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी निळकंठशाहाकडून राज्य घेतले तेव्हा नगर बळाने नव्हे तर फितुरीने पडले, अशी नोंद आहे. राजाला पुढे बल्लारपुराच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. भिंत खऱ्या अर्थाने फुटली ती मे १८१८मध्ये, कर्नल ॲडम्सच्या इंग्रजी फौजेने तोफांनी खिंडार पाडून २० मे रोजी हल्ला केला तेव्हा. किल्लेदार गंगासिंग या लढाईत पडला. विदर्भातल्या वैशाखात मोठ्या तोफा ओढत आणणे हल्लेखोरांना जड गेले खरे, पण सपाट भूमीवरच्या नगरकोटाजवळ तोफ एकदा पोहोचली की पुढचे गणित सोपे असते. माणिकगडाचे काठिण्य तटात कमी आणि वाटेत अधिक आहे. तोफ ओढण्याजोगा रस्ता नाही, पायथ्याला दाट रान, त्यात आजही बिबट आणि अस्वल. येणाऱ्याचे बळ दरवाजाशी पोहोचण्याआधीच खर्ची पडावे, हीच त्या जागेची योजना.

चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७पासून परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा काढण्याचे काम हाती घेतले आणि झाकलेले बुरूज पुन्हा दिसू लागले. नगरकोटाच्या खिडक्यांची नावे शहराच्या बोलण्यात अजून जिवंत आहेत. माणिकगडाचे नाव मात्र आज अधिक ऐकू येते ते राजुऱ्याजवळच्या रेल्वे स्थानकामुळे आणि गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यामुळे. गडावर ढासळत्या बुरुजापाशी एक जुनी तोफ पडून आहे, आणि दाराच्या चौकटीवरचा नाग जागच्या जागी आहे.