लाल दिवा

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या रस्त्यावर आमची पद्मिनी बंद पडली. मन्मथस्वामींच्या समाधीला मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या येतात. त्या गर्दीत मांजरसुंब्यापासूनच गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. पेट्रोल वाचवायचं म्हणून रांग थांबली की बाबा इंजिन बंद करायचे. पाचव्या की सहाव्या वेळी सेल्फ मारला, तर नुसतं 'टक' झालं.

सहा महिन्यांतली ही दुसरी बॅटरी होती. पैसे माझे गेले होते, म्हणून की काय, मी चारचौघांत बाबांना बोललो, "तुमच्या त्या जुन्या मिस्त्रीनं अल्टरनेटर बसवला, तिथंच सगळं बिघडलं. तुम्हाला भंगार जपायची हौस." बाबा काहीच बोलले नाहीत. उतरले आणि मागून धक्का मारायला उभे राहिले. वय एकाहत्तर.

त्या वाक्याची टोचणी नंतर मला बरंच काही वाचायला लावून गेली.

गाडी 1979 ची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. फियाट 1100 हे इटालियन मॉडेल तिथं मुक्कामाला आलं, सत्तरच्या दशकात त्याचं नाव पद्मिनी झालं, आणि इटलीनं ते सोडून दिल्यावरही आपल्याकडे शतक सरेपर्यंत बनत राहिलं. परवान्यांच्या त्या काळात लोक गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. बॉनेटखाली काय जुनं झालंय, हे विचारणार कोण?

आमच्या गाडीत जुना होता तो डायनॅमो. 1912 मध्ये कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ आणला. हँडल मारण्यातून माणूस सुटला, पण गाडीला मोठी बॅटरी लागली आणि ती भरत राहणारं यंत्रही. ते काम पुढची जवळजवळ पन्नास वर्षं डायनॅमोनं केलं. डायनॅमोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या भागात. सगळा प्रवाह कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर काढायचा, म्हणून तो फार जोरात फिरवता येत नाही. इंजिन आयडलवर असलं की वीज पुरत नाही. मग कटआउट नावाचा रिले डायनॅमोला बॅटरीपासून तोडतो, नाहीतर बॅटरीच उलटी त्याच्यात रिकामी झाली असती. अशा वेळी डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, थोडी रेस दिली की विझतो. डायनॅमोच्या गाडीत हे नॉर्मल. बाबांच्या पिढीनं तो दिवा सिग्नलला उभं असताना इतक्यांदा पाहिला, की तो त्यांना दिसायचाच बंद झाला.

अल्टरनेटरनं हे उलटं केलं. फिरतो तो फक्त चुंबकाचा भाग, वीज निघते ती स्थिर गुंडाळीतून. त्यामुळे त्याला दामटून फिरवता येतं आणि आयडललाही चार्जिंग होतं. अडचण एकच: वीज एसी निघते आणि बॅटरीला डीसी लागते. सिलिकॉनचे छोटे, स्वस्त डायोड आले तेव्हा ही गाठ सुटली. 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर कंपनीतूनच बसून आला. डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतात, म्हणून कटआउटही गेला.

दिवा मात्र राहिला, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथंच आहे. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्यावर तो आपला आपण सुरू होतो. दिवा फक्त बघ्या. अल्टरनेटरमध्ये ते उरलेलं चुंबकत्व बहुधा डायोडांचा अडथळा ओलांडायला पुरत नाही. त्याला सुरुवातीला बाहेरून थोडा प्रवाह लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो याच लाल दिव्यातून जातो. तीन वॅटचा साधा बल्ब, म्हणजे पाव अँपिअर. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्याला आपण मॉनिटरिंग समजतो, तेच डिपेंडन्सी झालेलं असतं.

हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मांजरसुंब्याहून मोटरसायकलवर, मांडीवर बॅटरी घेऊन आलेल्या इलेक्ट्रिशियन चाचांना होतं. त्यांनी गाडी चालू करून मीटर लावला: 12.2. डॅशबोर्डवर दिवा लाल.

"आयडलला लागतोच तो," बाबा म्हणाले.

चाचांनी जोरात रेस दिली. दिवा विझला, मीटर 14.1. गाडी बंद करून परत चालू केली: पुन्हा 12.2. पुण्यात दोन्ही वेळा अल्टरनेटर का पास झाला, ते माझ्या डोक्यात आत्ता शिरलं. तिथं तपासायच्या आधी सगळ्यांनी रेस दिली होती. हायवेवरही ती आपोआप मिळायची. इथं रांगेत मिळत नव्हती, आणि दर वेळी इंजिन बंद केलं की सगळं पहिल्यापासून.

चाचांनी आपल्या टेस्टलॅम्पची एक वायर बॅटरीला आणि टोक अल्टरनेटरच्या छोट्या टर्मिनलला लावलं. आयडललाच 14.1.

"मीटरमधला बल्ब कोण बदलला?"

मी. उन्हाळ्यात, हौसेनं, ऑनलाइन मागवून. डॅशबोर्डचे सगळे पिवळट बल्ब काढून मी एलईडी बसवले होते. ते झकास दिसत होते. एलईडीला लागतात ते काही मिलिअँपिअर. दिवा लख्ख लागायचा आणि अल्टरनेटर झोपलेला राहायचा. त्या जुन्या मिस्त्रीचं काम वीस वर्षांहून जास्त टिकलं होतं, माझं सहा महिनेही नाही.

चाचांनी डब्यातून जुना बल्ब शोधून बसवला. बल्बचे पैसे घेतले नाहीत, बॅटरीचं भाडं तेवढं घेतलं. चहा पिताना मी बाबांना एलईडीचं सगळं सांगितलं. मिस्त्रीबद्दल बोललो ते चुकलं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "तो आता नाही. असता तर सांगितलं असतं त्याला."

दर्शन घेऊन परत निघालो तेव्हा अंधार पडला होता, हेडलाइट चालू. रांग थांबली. बाबांनी या वेळी इंजिन बंद केलं नाही. खाली वाकून बराच वेळ डॅशबोर्डकडे बघत राहिले.

"डायनॅमो असता," ते म्हणाले, "तर आता लागला असता."