गाविलगडची उत्तर बाजू

मी महाल भागात वाढलो, नागपुरातल्याच शाळेत अनेक वर्षं इतिहास शिकवला. सीताबर्डीची लढाई इथल्या पोरांना पाठ असते. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817, लहान टेकडी, मोठी टेकडी, अरबांचा हल्ला. पण नागपूरच्या राज्याचं कंबरडं त्याच्या चौदा वर्षं आधीच सातपुड्यात मोडलं होतं, हे मुलांना सांगायला मी कधी चुकलो नाही.

सातपुड्याचा हा पट्टा कुणा एकाचा कधी नव्हताच. बहमनी, इमादशाही, मुघल, निजाम आणि भोसले, सगळ्यांनी त्यावर हक्क सांगितला. वऱ्हाडातून उत्तरेला जायचं तर मेळघाटाच्या वाटा हाती हव्यात, आणि त्या वाटांवर नजर ठेवून गाविलगड उभा आहे. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांचा सारा भरवसा या गडावर होता.

29 नोव्हेंबर 1803 ला अडगावच्या मैदानात भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली आणि उरलेसुरले लोक गडावर आले. किल्लेदार बेनीसिंग राजपूत होते. दक्षिणेकडून गड चढणं जवळपास अशक्य. कडे सरळ खाली देवगावाकडे उतरतात. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली त्या बाजूला थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनला त्याने अचलपुराहून डोंगराला वळसा घालून उत्तरेकडे पाठवलं. 7 ते 12 डिसेंबर सैनिक आधी रस्ता फोडत होते, मग त्याच रस्त्याने हातांनी तोफा ओढत होते. दऱ्या उतरायच्या, पुन्हा चढायच्या. त्या मोहिमेतलं खरं युद्ध मला हेच वाटतं. गडावर 15 डिसेंबरला जे घडलं त्याचा निकाल या सहा दिवसांत लागला होता, कारण लबाडा गावाकडून ही चढण कुणी रोखू शकलं नाही.

तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. आतला तट शाबूत होता. 94व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून आत उतरला, त्याच्या माणसांनी दरवाजा उघडला आणि गड गेला. बेनीसिंग लढता लढता पडले. चोविशीतला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे सारं पाहत होता; पुढच्याच वर्षी तो रेसिडेंट होऊन नागपुरात येऊन बसला.

17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक, बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांकडे राहिले. वऱ्हाड गेल्यावर त्या दोन गडांनी राखायचं काय, हा प्रश्न मला अजून सतावतो.

डोंगराने भोसल्यांना खरी साथ दिली ती नंतर, आणि तीही तटाविना. सीताबर्डीत हरलेले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले मे 1818 मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले आणि पचमढीच्या महादेव डोंगरात शिरले. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह त्यांच्या पाठीशी उभा राहिला. राजाकडे ना खजिना होता ना राजधानी, तरी पुढच्या फेब्रुवारीत अशीरगडाकडे जाईपर्यंत ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. जो मुलूख तोफांना सहा दिवसांत वाट देतो, तोच आपल्या माणसांच्या जोरावर महिनोन्महिने राजा लपवतो. आमच्या इतिहासात बुरुजांची वर्णनं पानोपानी आहेत, चैनशाहला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. हा अन्याय आहे.

गाविलगडाची तटबंदी इंग्रजांनी 1858 मध्ये पाडायला घेतली. त्याच वर्षी तात्या टोपे सातपुड्यात उतरले होते, आणि गड त्यांच्या हाती पडू नये हा हेतू होता.

नागपूरच्या शाळांच्या सहली आजही गडाजवळच्या चिखलदऱ्याला जातात. पॉइंट बघून, मक्याची कणसं खाऊन मुलं परततात. शिक्षकांना माझी विनंती आहे: त्यांना गडाच्या उत्तरेच्या चिंचोळ्या सोंडेवर उभं करा, तोफा कुठून आल्या ते दाखवा आणि बेनीसिंग व चैनशाह ही दोन नावं त्यांच्या वहीत लिहून द्या.