डॉक्टरांना सांगितलेलं गुपित: प्लेगपासून मोबाईलपर्यंत

तुमचा रक्ततपासणीचा रिपोर्ट सध्या कुठे कुठे आहे? लॅबच्या संगणकात, डॉक्टरांच्या मोबाईलमध्ये, विमा कंपनीकडे आणि बऱ्याचदा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा. "त्यात लपवण्यासारखं काय आहे?" असं अनेक जण विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आपल्या जवळच्या इतिहासातल्या दोन घटनांमध्ये सापडतं.

पुणे, १८९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. रुग्ण शोधणं आणि त्यांना वेगळं ठेवणं हे दोन्ही वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं नव्हतं. चुकली ती पद्धत. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या अंमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. स्वयंपाकघर, देवघर काहीच सुटलं नाही. काखेत किंवा जांघेत गाठ आहे का, हे परक्यांसमोर तपासलं जाऊ लागलं.

परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. जो उपाय साथ थांबवण्यासाठी होता, त्याच्याच भीतीने आजार घरात दडून राहू लागला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेला हल्ला आपण शाळेत वाचलेला आहे. त्याआधीची ही लपवाछपवी मात्र फारशी कुणी सांगत नाही. पुढे सरकारलाही सक्ती सैल करावी लागली.

गोवा, १९८९

डॉमनिक डिसोझा हा गोव्यातला तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. सांगायला डॉक्टर येण्याऐवजी पोलीस आले. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटं ठेवलं गेलं, कारण गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यात तशी तरतूद होती. स्पर्शाने किंवा एका घरात राहिल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे वैद्यकशास्त्राला तेव्हाही माहीत होतं.

त्याची आई ल्युसी न्यायालयात गेली, पण उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. सुटून आल्यावर डॉमनिक गप्प बसला नाही. १९९२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. 'माय ब्रदर निखिल' हा २००५ चा चित्रपट त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला आहे.

आता विचार करा, ही बातमी वाचून किती जणांना स्वतःची तपासणी करून घ्यावीशी वाटली असेल?

आज कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर निकालही उघड करता येत नाही.

डॉक्टरांच्या आचारसंहितेतही गुप्ततेला अपवाद आहेत: न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार. क्षयरोग हा असा आजार आहे. त्याची नोंद आरोग्य खात्याकडे जाते ती उपचार अर्धवट राहू नयेत आणि संसर्ग पसरू नये म्हणून. आरोग्य खात्याला कळवणं वेगळं आणि चाळीत बोभाटा होणं वेगळं.

तुम्ही काय करू शकता?

आता झडतीसाठी दारात कुणी येत नाही. ओटीपी सांगून माहिती आपणच देऊन टाकतो. म्हणून एवढं करा:

• रिपोर्ट कुणाच्या नंबरवर जाणार, हे लॅबमध्ये आधी विचारा. तो ग्रुपवर टाकू नका.
• 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे. नोंदी कुणाला दाखवायच्या याची संमती तुम्ही द्यायची असते आणि ती मागेही घेता येते.
• एखादं ॲप आजाराची माहिती मागत असेल, तर ती कशासाठी हवी आहे ते वाचल्याशिवाय 'मान्य' दाबू नका.
• दुसऱ्याचा रिपोर्ट हाती आला, तर पुढे पाठवू नका.

आणि एक महत्त्वाचं. हे सगळं वाचून डॉक्टरांपासून काही लपवू नका. दारू, गर्भपात, मानसिक त्रास, लैंगिक आजार, जे असेल ते मोकळेपणाने सांगा. ते सांगताना तुम्हाला भीती वाटू नये, याचसाठी ही गुप्तता आहे.